सकाळची काच

४ जानेवारी

ताई, नमस्कार.

उत्तराला महिना लागला. आळस नव्हे, काम. आणि कृपा करून फोन करू नकोस. तू बोलतेस आणि मला विहिरीत बादली आपटल्यासारखे काहीतरी ऐकू येते. भट्टीजवळच्या पहिल्या बारा वर्षांनी कान खाल्ले ते खाल्लेच. डोळे शाबूत आहेत, आणि माझे पोट डोळ्यांवर चालते.

तू दरवेळी विचारतेस, 'दिवसभर नुसतं काचेकडे बघतोस, त्याचा कोणी पगार कसा देतो?' म्हणून यंदा एकदाच नीट सांगतो. आमच्या कारखान्यातून भिंगांसाठी काचेच्या चकत्या जातात, तळहाताएवढ्या. मी अंधाऱ्या खोलीत बसतो. टेबलावर एका बाजूने दिव्याचा झोत येतो. त्या झोतात चकती धरायची आणि आत बुडबुडा, शीर किंवा धूर दिसतो का ते पाहायचे. काही दिसले नाही तर शिक्का, दिसले तर बाद. रात्रपाळीच्या भट्टीचा माल सकाळी सातपासून तपासतो, दिवसपाळीचा जेवणानंतर. तीस वर्षांचा शिरस्ता. बाद चकत्या बाराच्या आत फोडून पुन्हा मुशीत, म्हणजे काच वितळवायच्या भांड्यात, टाकतात, म्हणजे चोरून पास करून घ्यायचा मोह कोणाला होत नाही. हा नियम माझाच.

गेले वर्षभर रात्रीच्या मालात धूर दिसतो आहे. आधी दहांत एक चकती, आता दहांत चार. दिवसाचा माल लख्ख. आणि रात्रीच्या भट्टीवर कोण? आमचे जावईबापू! सगळे टपून बसले आहेत, म्हातारा काय करतो ते पाहायला. मी काय करणार? नाते जुळले म्हणून काच स्वच्छ होत नाही.

एक शंका. इथे दोघांची पैज लागली आहे. एक म्हणतो, वय झाले की बुबुळावरची पारदर्शक काच धुरकट होतेच, केस पिकतात तशी. दुसरा म्हणतो, छट्. तू पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवलीस, तूच निवाडा दे. माझ्यासाठी नव्हे, पैजेसाठी.

तुझा छोटू
(एकसष्टाव्या वर्षीही!)


१२ जानेवारी

प्रिय छोटू,

तुझा प्रश्न वाचला आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. निवृत्त झाल्यापासून मला लोक फक्त गुडघेदुखीबद्दल विचारतात. कोणी पारपटलाबद्दल विचारले, हा माझ्या म्हातारपणातला सणच समज.

क्रमाने जाऊ. डोळ्याच्या समोरचा, घड्याळाच्या काचेसारखा फुगीर भाग म्हणजे पारपटल. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. आता खरे आश्चर्य ऐक. हे पटल ज्या तंतूंचे बनले आहे, जवळपास तसल्याच तंतूंचे डोळ्याचे पांढरेही बनले आहे. मग एक पारदर्शक आणि दुसरे चुन्यासारखे, असे का? कारण पांढऱ्यात तंतू विसकटलेले आहेत, आणि पारपटलात ते फणीच्या दातांसारखे समान अंतरावर, शिस्तीने बसवलेले आहेत. ही शिस्त टिकते तोवर प्रकाश आरपार जातो. मध्ये पाणी शिरून अंतरे बिघडली, की प्रकाश विखुरतो आणि धुके दिसते.

पाणी तर सतत शिरतच असते, कारण पटलाच्या मागे पाण्याने भरलेली कोठडी आहे. म्हणून पटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच एक थर बसवलेला आहे. होडीत झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसणारे नावाडी म्हण त्यांना. गंमत आणि दुःख असे, की या नावाड्यांना मुले होत नाहीत. एक मेला की नवा येत नाही. शेजारचा हातपाय पसरून त्याची जागा भरतो. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये ते सुमारे तीन हजार असतात. ऐंशीच्या घरात गेलेल्या माणसातही सहसा दोन हजारांच्या वर उरतात. होडी कोरडी ठेवायला त्यातले पाचसातशे पुरतात. म्हणजे निसर्गाने एका माणसाला दोन आयुष्यांची शिबंदी दिली आहे!

मग वयाने बदलते काय? म्हाताऱ्यांच्या बुबुळाच्या कडेला राखाडी कडे दिसते ना, ते चरबीचे. दिसते भयंकर, पण दृष्टीच्या वाटेत येत नाही. आतले भिंग पिवळे पडते, त्याचा मोतीबिंदू होतो, पण ते भिंग निराळे. निरोगी साठीच्या माणसाच्या पारपटलातून जवळजवळ तेवढाच प्रकाश जातो जेवढा विशीतल्या पोराच्या. सगळे शरीर पिकते, हा एक अवयव हट्टाने कोवळा राहतो.

तेव्हा 'छट्' म्हणणारा जिंकला. दुसऱ्याला सांग, साठीच्या माणसाला समोरची वस्तू धुरकट दिसली, तर बिचाऱ्या पारपटलावर आळ घेऊ नकोस, आधी वस्तू तपास.

काही थोड्या लोकांत हे नावाडी वेळेआधीच भराभर मरतात, पण तो आजार झाला. पैजेत धरायचा नाही. त्याविषयी पुन्हा कधी. पान संपले.

बबीला आणि जावयांना आशीर्वाद. त्यांच्याशी जरा गोड बोल.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ताई,

तुझे पत्र तीनदा वाचले. मनावरचे मोठे ओझे उतरले. पैज लावणाऱ्यांच्या मनावरचे म्हणतो मी.

त्याच दिवशी मी अहवाल लिहिला. 'रात्रपाळीच्या भट्टीत वितळ अपुरी. उष्णता वाढवावी.' खाली सही. व्यवस्थापक म्हणाले, "जावयाविरुद्ध लिहिताय, विचार केलात ना?" मी म्हणालो, "साहेब, मी चकतीविरुद्ध लिहिलंय."

जावई सकाळी पाळी संपवून माझ्या खोलीत आला. त्याने एक बाद चकती उचलली, बाहेर खिडकीशी नेली, परत आला. म्हणाला, "मामा, मला तर स्वच्छ दिसते."

मी म्हणालो, "तुला दिसायचीच. आईला आपलं पोर कधी काळं दिसलंय?"

तो हसला नाही. म्हणाला, "मूस जुनी आहे. याहून जास्त ताव दिला तर सोसेल का, शंका आहे."

"मग धूर घालवायचा दुसरा उपाय सांग."

"धूर असला तर सांगीन ना."

हे त्याने तोंडावर म्हटले! मीही ऐकवले, "ज्या दिवशी तुझे डोळे माझ्याहून चांगले होतील, त्या दिवशी माझ्या खुर्चीत बस." मग तो नरमला. म्हणाला, "नाही मामा, तुमचे डोळे चुकायचे नाहीत. माझ्याच हातून काही होत असेल." आणि त्या रात्रीपासून त्याने उष्णता वाढवली. माणूस गुणी आहे, ताई. उलट बोलतो, पण ऐकतो.

बबी माझ्यावर फुगली आहे. "बाबा, घरात तरी पारखी होऊ नका," म्हणाली.

धूर अजून गेलेला नाही. आणखी थोडी उष्णता वाढवायला लिहिले आहे.

छोटू


२७ फेब्रुवारी

ताई,

मूस फुटली. बुधवारी पहाटे. वितळलेली काच तळातून वाहून फरशीवर आली. जावयाने बाकीच्यांना बाहेर ढकलले आणि हवेची झडप बंद करायला परत आत गेला. डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला. जिवावरचे हातावर निभावले, असे सगळे म्हणतात. भट्टी थंड पडली आहे. त्याला कामावरून दूर केले आहे. वर्षभर खराब माल काढला, मग स्वतःची चूक झाकायला बेसुमार आच दिली, असा आरोप. चौकशी बसणार. नोकरी गेली तर या कामातली दुसरी भट्टी इथे शंभर कोसांत नाही, आणि भाजलेल्या हाताला नवे काम कोण देतो?

बबी माझ्याशी बोलत नाही. इस्पितळात मी आत गेलो की ती बाहेर जाते.

आता जे लिहितो ते फक्त तुला. अपघाताच्या दिवशी सकाळी, मूस फुटायच्या आधी निघालेला माल तपासायला मी नेहमीप्रमाणे बसलो होतो. गडबडीत एक बाद चकती माझ्या कोटाच्या खिशात राहिली. दुपारी तीनच्या सुमारास ती हाताला लागली. मी सहज झोतात धरली.

ताई, ती स्वच्छ होती. मी पुसली, फिरवली, पुन्हा धरली. धुराचा मागमूस नाही. कडेला माझ्याच खडूची बादची फुली होती, म्हणजे चकती तीच.

काच दुपारी बदलते का? तीस वर्षांत मी असे ऐकलेले नाही. तुला काही सुचत असेल तर लगेच लिही. पैज वगैरे काही नव्हती. मला वर्षभर सकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात. मी चष्मा पुसतो, आणि जेवणापर्यंत ती जातात, म्हणून बोललो नाही. कारखान्याची डोळेतपासणी दरवर्षी जेवणानंतर होते. दरवर्षी मी शेवटची ओळ घडाघड वाचतो.

छोटू


५ मार्च

छोटू,

काच बदलत नाही. तुझे डोळे बदलतात, रोज, ठरलेल्या वेळी.

मी ज्याला 'पुन्हा कधी' म्हणून टाळले, ते आज लिहिते. नावाडी वेळेआधी मेलेले असले, की उरलेल्यांना उपसा झेपत नाही. दिवसा पापण्या उघड्या असतात. हवेने पटलावरचे पाणी उडून जाते, आणि तेवढाच त्यांना हातभार लागतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असतात. रात्रभर पाणी मुरते, पटल सुजते, तंतूंची शिस्त मोडते. सकाळी धुके आणि दिव्यांभोवती कडी. मग डोळे उघडे राहिले, की तासागणिक पटल सुकते आणि दुपारी सगळे लख्ख. ही या आजाराची इतकी नेमकी खूण आहे, की मी ती प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहीत असे. तू एकदा 'सकाळी' म्हणाला असतास! आणि मी एकदा 'कोणाला, केव्हा' असे विचारले असते. विद्यार्थी प्रश्न विचारतो तेव्हा आधी त्याचा चेहरा पाहावा, हे मी दुसऱ्यांना शिकवले आणि तुझ्या वेळी विसरले. मला उत्तर देण्याचा आनंद झाला होता.

रात्रीचा माल सकाळी, दिवसाचा माल दुपारी. तुमच्या शिरस्त्याने तुझ्या डोळ्यांतले धुके नेमके एकाच भट्टीच्या पदरात घातले, आणि बाद काच बाराच्या आत फोडण्याच्या नियमाने पुरावाही रोज वितळवला.

तरीही मी सांगते म्हणून मानू नकोस. पडताळून पाहा. शिक्का मारलेल्या, निर्दोष अशा दहा चकत्या घे. कडेला खुणा दुसऱ्या कोणाला करायला सांग, तुला त्या दिसता कामा नयेत. सकाळी सात, नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता त्याच चकत्या क्रम बदलून तपास. निकाल दुसऱ्याने लिहावा. असे चार दिवस.

आणि नेत्रतज्ज्ञाची वेळ आजच्या आज घे. सूक्ष्मदर्शकातून नावाडी मोजता येतात. इलाज आहे, मृत व्यक्तीने दान केलेला तो थर बसवता येतो. पण आधी जावई.

ताई


१६ मार्च

ताई,

चार दिवस केले. खुणा शिक्केवाल्या बाईने केल्या. सकाळी सातला दहांपैकी सहा बाद. नऊला चार. अकराला एक. एकला आणि तीनला शून्य. चारही दिवस, एखाददुसऱ्याचा फरक. त्याच दहा चकत्या, ताई. मी कागद दोनदा ताडून पाहिला. सव्वा वर्षात मी किती निर्दोष काच फोडायला लावली! ज्या धुरासाठी त्या पोराने आच वाढवली, तो धूर जगात कुठे नव्हताच.

परवा चौकशी समितीपुढे उभा राहिलो. समितीत तिघे : व्यवस्थापक, कामगारांचा प्रतिनिधी आणि कारखान्याचे डॉक्टर. मी सगळे सांगितले. दोष माझ्या डोळ्यांत आहे, जावयाने माझ्या लेखी सूचनेवरून आच वाढवली, शिक्षा द्यायची तर मला द्या.

 मग व्यवस्थापक समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मुलीचा संसार आहे, आम्ही समजू शकतो."

मी कागद पुढे केला. प्रतिनिधी म्हणाला, "मामा, हा कागद तुमच्याच खोलीतला. जे तुम्ही बोललात ते बाईंनी लिहिलं. तुम्ही सकाळी मुद्दाम 'बाद' म्हणालात, तर त्या काय करणार?"

शेवटी डॉक्टर उठले. त्यांनी मला तक्ता वाचायला लावला, दिवा मारला, मी बाद करतो तसा एक दोषी तुकडा आणि तीन चांगले तुकडे समोर धरले. मी चारही बरोबर ओळखले. घड्याळात साडेतीन वाजले होते. डॉक्टर माझा खांदा थोपटून म्हणाले, "अहो, बुबुळाला साधं वयाचं कडंसुद्धा नाही. पस्तिशीतले डोळे आहेत तुमचे." आणि सगळे हसले. बाहेर पडताना मागून ऐकू आले, आणि तेवढे बरे ऐकू आले : "जन्मभर नाक वर करून वावरला, शेवटी जावयासाठी आंधळा झाला."

तीस वर्षे मी खोटे बोललो नाही म्हणून माझ्या चुकीला सगळ्यांनी खरे मानले. आता खरे बोलतो आहे तर ते खोटे ठरले.

नेत्रतज्ज्ञाची वेळ मे महिन्यातली मिळाली. समितीची अखेरची बैठक ३० मार्चला, दुपारी तीन वाजता. मी सकाळची वेळ मागितली, व्यवस्थापक म्हणाले, "आता वेळही तुम्ही ठरवणार का?" त्या दिवशी जावयाच्या बडतर्फीवर सही होईल.

सात वाजता मी आंधळा असतो आणि तीन वाजता पारखी. मला तीन वाजता आंधळे व्हायचे आहे, ताई. कसे व्हायचे ते सांग. नाहीतर मी चुन्याची निवळी डोळ्यांत घालीन. हे मी रागाने लिहीत नाही.

छोटू


२० मार्च

छोटू,

चुन्याला हात लावशील तर मला बहीण म्हणू नकोस. चुना पटल कायमचे जाळतो. मग उरतो अपघात, पुरावा नव्हे.

शांतपणे वाच. तुझे धुके कशाने जाते? पापण्या उघड्या राहिल्याने. मग त्या उघडूच नकोस. २९च्या रात्री झोपताना दोन्ही मिटल्या डोळ्यांवर मऊ कापसाच्या घड्या ठेवून पट्टी बांध. दाब पडता कामा नये. सकाळी ती सोडू नकोस. तसाच बैठकीला जा आणि सगळ्यांसमोर पट्टी सोड. तुझ्या पटलाच्या लेखी तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतील. यात इजा काही नाही; फक्त रात्र लांबवायची आहे.

एवढ्याने भागणार नाही. डॉक्टर म्हणतील, पट्टी बांधली तर कोणालाही धुरकटच दिसेल. आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच तयार हवे. तुझ्याच वयाच्या निरोगी माणसाच्या डोळ्यांवर तशीच पट्टी, तितकाच वेळ बांधून त्याला शेजारी बसव. आणि चकत्या समितीने आणाव्यात. तू आणायच्या नाहीत, त्यांना हात लावायचा नाही, आणि तुम्हा दोघांनी एकमेकांची उत्तरे ऐकायची नाहीत.

सोबत डॉक्टरांसाठी वेगळे पत्र ठेवले आहे. त्यात या आजाराचे वर्णन आणि पाठ्यपुस्तकाचे पान आहे. बंद पाकिटातच द्यावे.

तुला हाताला धरून कोणीतरी न्यावे लागेल. बबीला सांग. ती नाही म्हणाली तर पुन्हा सांग.

ताई


२ एप्रिल

आत्या, नमस्कार.

बाबांनी मला लिहायला सांगितले. स्वतः लिहिणार नाहीत म्हणाले. मी एका जागी बसून सगळे क्रमाने लिहिते, तुला तसेच आवडते.

२८ तारखेला बाबा आमच्या दारात उभे राहिले. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांनी तुझी सगळी पत्रे माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसून राहिले. मी वाचून बाहेर आले. होकाराची मान हलवली. ती त्यांना दिसली, कारण संध्याकाळ होती.

दुसरा माणूस म्हणून कारखान्याचा दरवान तयार झाला. वय त्रेसष्ट. मी त्याच्या पट्टीची गाठ मारत होते तेव्हा म्हणाला, "बांध पोरी, घट्ट बांध. अर्धं आयुष्य या साहेब लोकांची तोंडं बघितली, एक दिवस डोळ्यांना रजा." त्याच्या बुबुळाभोवती तू लिहिलेस तसे पांढरट कडे आहे, चांगले ठळक. बाबांच्या डोळ्यांत तसले काही नाही. कोणीही पाहिले तर म्हणेल, म्हातारे डोळे दरवानाचे.

सकाळभर दोघे आमच्या खोलीत पट्ट्या बांधून बसले होते. दरवान एकसारखा बोलत होता.  मी बाबांच्या हातात पाण्याचा पेला दिला, तेवढेच.

तीनला दहा मिनिटे असताना मी दोघांना दोन हातांना धरून आत नेले. व्यवस्थापक म्हणाले, "हे काय नाटक आहे?" डॉक्टरही तोच आक्षेप घेणार होते, पण मी तुझे पाकीट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, पाठ्यपुस्तकाचे पान दोनदा वाचले. मग म्हणाले, "घ्या तपासणी. चकत्या मी स्वतः निवडून आणतो." ते उठून गेले आणि नऊ चकत्या घेऊन आले. हे माझ्या शेजारी बसले होते, हात गळ्यात बांधलेला. यांना सगळे माहीत होते, तरी खोलीत आल्यापासून बाबांकडे पाहत नव्हते.

आधी दरवान; बाबांना तेवढ्यापुरते बाहेर बसवले. पट्टी सोडली, दोन मिनिटे डोळे चोळले, मग झोतासमोर बसला. नऊही चकत्यांना "स्वच्छ" म्हणाला. शेवटच्या वेळी म्हणाला, "साहेब, यात बघायचं तरी काय आहे? आरपार तुमचं नाक दिसतंय." त्याला बाहेर पाठवले.

मग मी बाबांना आत आणून त्यांची पट्टी सोडली. त्यांनी पापण्या उघडल्या आणि तोंड दिव्याकडे वळवले. नेहमीसारखी चकती दोन बोटांत धरली, तिरकी केली, सरळ केली. त्यांनी घाई केली नाही, आत्या. प्रत्येक चकती जणू नोकरीचा पहिला दिवस असल्यासारखी तपासली. "बाद. मध्यभागी धूर." दुसरी, "बाद. सगळीकडे सारखा." तिसरी त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि मला दिसले की त्यांना ती पास करायची होती. ती एक तरी चांगली निघावी असे त्यांना वाटत होते. खूप वेळ पाहून म्हणाले, "बाद." नऊच्या नऊ.

 बाबांनी विचारले, "यात खऱ्या बाद किती होत्या?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण त्याआधी हे बोलले. अपघातानंतर पहिल्यांदाच बाबांशी बोलले. "एकही नाही, मामा."

डॉक्टरांनी मग बाबांच्या डोळ्यांत तिरका प्रकाश टाकला आणि प्रतिनिधीला बोलावून दाखवले : पटल सुजलेले, वर बारीक ओलसर खडबडीतपणा. दरवानाच्या डोळ्यात तसे काही नव्हते. तासाभराने पुन्हा पाहिले तेव्हा बाबांचे निम्मे उतरले होते. व्यवस्थापकांनी बडतर्फीचा कागद बाजूला सारला. यांनी लेखी सूचना पाळली, दोष यांचा नाही, असे नोंदवून यांना पुन्हा कामावर घेतले आहे. हात बरा होईपर्यंत रजा. बाबांना त्याच क्षणी पारखीच्या कामातून मुक्त केले. बाबांनी ते ऐकून फक्त मान डोलावली.

सगळे निघाले. बाबा उठेनात. व्यवस्थापक म्हणाले, "संपलं आता, घरी जा." बाबा म्हणाले, "पाचपर्यंत बसू द्या." आम्हीही बसलो. त्यांच्यापुढे त्या नऊ चकत्या तशाच होत्या. ते एक एक उचलून झोतात धरायचे, ठेवायचे, थोड्या वेळाने पुन्हा धरायचे. कोणती कशी हळूहळू स्वच्छ होत गेली असेल, ते त्यांचे त्यांना माहीत. पाच वाजायला आले तेव्हा त्यांनी शेवटची खाली ठेवली आणि यांच्याकडे वळले.

"हात दाखव," म्हणाले. "इस्पितळात सकाळीच येऊ द्यायचे. मला नीट दिसला नव्हता."

यांनी माझ्याकडे पाहिले. मी झोळी सोडली, वरचे कापड उलगडले. बाबांनी तो हात खालून तळव्यावर तोलून धरला आणि दिव्याच्या झोतात नेला. तिरका केला, सरळ केला.

"मूठ कर."

यांनी मूठ केली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळली नाहीत.

"पुन्हा."

"मामा, आता एवढीच होते."

"पुन्हा कर."

यांनी पुन्हा केली. बाबा इतके वाकले होते की त्यांचा श्वास त्या कातडीवर पडत असेल. त्यांना आता सगळे स्पष्ट दिसत होते. तिसऱ्यांदा त्यांनी मूठ करायला सांगितली तेव्हा यांनी ओठ दाबून धरले, जोर लावला, आणि ती दोन बोटे तशीच उभी राहिली.

बबी